प्रेशर टेस्ट किट: न हलणाऱ्या मशीनवर आठ महिने वापरून

इंजिन व्यवस्थित चालू, बकेट उचलतंय, पण बॅकहो (जेसीबीसारखं खोदकामाचं मशीन) ना पुढे जातोय ना मागे. अशा वेळी साइटवर पहिली भाषा होते ती गिअरबॉक्स उतरवायची. तेलाचा दाब मोजणाऱ्या या किटचा खरा उपयोग तो निर्णय थांबवण्यासाठी आहे.

किटमध्ये ग्लिसरीन भरलेले तीन गेज आहेत: ४०, २५० आणि ६०० बारचे (बार हे दाबाचं माप). सोबत दोन मीटरचे दोन बारीक होज (नळ्या) आणि अ‍ॅडॉप्टरचा डबा. बॅकहोसाठी नव्वद टक्के काम ४० बारचा गेजच करतो, कारण सिंक्रो शटल गिअरबॉक्सचं (पुढे-मागे दिशा तेलाच्या दाबावरच्या क्लचने बदलणारा) क्लच प्रेशर साधारण १० ते २० बारच्या घरात असतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. होज केबिनपर्यंत पोचतो, त्यामुळे फॉरवर्ड-रिव्हर्सचा लिव्हर टाकताना काटा समोर दिसतो. हीच या किटची सगळ्यात मोठी सोय.

गेज लावण्याआधी मात्र मल्टिमीटर. पार्किंग ब्रेक ओढलेला असेल तर फॉरवर्ड-रिव्हर्सचा करंट तोडणारा स्विच बऱ्याच मशीनवर असतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्यात बसला की ब्रेक सोडला तरी स्विच अडकून राहतो. लोडर लिव्हरच्या मुठीवर ड्राइव्ह तोडायचं बटण असतं. ते आत रुतलं किंवा त्याची वायर लिव्हरच्या मुळाशी घासून शॉर्ट झाली, तरी लक्षण तेच. गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हची कॉइल (करंट मिळाला की चुंबक होऊन व्हॉल्व्ह सरकवणारी) ओढते का हे बघायला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कॉइलच्या नटाला टेकवा आणि दुसऱ्याला फॉरवर्ड-रिव्हर्सचा लिव्हर टाकायला सांगा. (इंजिन बंद, फक्त किल्ली ऑन.) टोक चिकटलं तर कॉइलला करंट पोचतोय. इथे एक फसगत हमखास होते: कॉइलचा प्लग काढून मोजलं तर १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस वायरिंगला क्लीन चिट देतो. प्लग लावून, मागच्या बाजूने पिन घालून मोजा. तिथे ८-९ व्होल्ट आले तर दोष रिलेच्या जळक्या पॉइंटमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे.

आता गेज. बकेट जमिनीवर, चाकांना उटी (अडकण), मशीनच्या पुढे-मागे कुणी नको. इंजिन चालू करून न्यूट्रलमध्येच काटा शून्यावर असेल तर तेलाची पातळी, सक्शन स्ट्रेनर (पंपाआधीची जाळी), मग पंप आणि त्याची ड्राइव्ह, या क्रमाने बघा. न्यूट्रलमध्ये प्रेशर आहे आणि फॉरवर्ड टाकल्यावर काटा क्षणभर खाली येऊन परत वर चढतो, हे निरोगी लक्षण. क्लचचा पिस्टन भरतोय एवढंच. खाली येऊन खालीच राहिला तर त्या क्लचच्या सीलमधून किंवा शाफ्टवरच्या रिंगमधून तेल पळतंय. रिव्हर्सला प्रेशर टिकतं आणि फॉरवर्डला पडतं, तर पंपाला हात लावायचं कारणच नाही. लिव्हर टाकूनही काटा जराही हलला नाही तर स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) अडकलाय किंवा कॉइल ओढत नाही. आणि प्रेशर तिन्ही स्थितींत चोख, तरी गाडी जागची हलत नाही, तर दोष यांत्रिक: झिजलेल्या क्लच प्लेटा, टॉर्क कन्व्हर्टर, तुटलेला शाफ्ट किंवा जाम झालेले ब्रेक.

सकाळी चालते आणि दुपारी थांबते, अशा मशीनचं रीडिंग तेल गरम असतानाच घ्यावं. थंड, घट्ट तेल फाटक्या सीलला झाकून घेतं. शिवाय बारीक होजमुळे थंड तेलात काटा उशिरा सरकतो, म्हणून पहिल्या मिनिटाचं रीडिंग खरं धरू नका.

किटचे दोष. १/८ बीएसपी आणि एम१० बाय १ (आट्यांची दोन वेगळी मापं) हे अ‍ॅडॉप्टर दिसायला जुळे भाऊ आहेत. चुकीचा अ‍ॅडॉप्टर हाताने दोन-तीन आटे जातो आणि मग घट्ट होतो. तिथे पाना लावला की व्हॉल्व्ह बॉडीचे आटे गेलेच. डब्यात त्यांवर खूण नाही, रंगाचा ठिपका आपणच द्यायचा. प्लास्टिकच्या टोप्या महिन्याभरात हरवतात आणि मग कपलिंगमधली धूळ सरळ गिअरबॉक्समध्ये जाते.

पोकलेनसाठी (चेनवर चालणारा एक्स्कॅव्हेटर) किट अपुरं आहे. दोन्ही चेन बंद असतील तर सेफ्टी लिव्हरच्या पुढच्या लाइनमध्ये पायलट प्रेशर (मुख्य व्हॉल्व्ह सरकवणारा कमी दाब) बघावं लागतं आणि ते बऱ्याच मशीनमध्ये ४० बारच्या आसपास असतं. तिथे ४०चा गेज टोकाला टेकतो आणि २५०च्या गेजवर बारीक फरक कळत नाही. १०० बारचा गेज वेगळा घ्यावाच लागतो. एकच चेन बंद असेल तर गेजआधी सेंटर जॉइंटच्या (वरच्या फिरत्या भागातून खाली तेल नेणारा सांधा) वरच्या बाजूला दोन्ही ट्रॅव्हलच्या, म्हणजे चेन चालवणाऱ्या, होजची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या चेनकडे सरकला तर तो पंप-व्हॉल्व्हच्या बाजूचा. त्याच चेनला राहिला तर सेंटर जॉइंट किंवा ट्रॅव्हल मोटर.

बंद पडलेला बॅकहो ओढून न्यायचा असेल तर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दांडे) आधी सोडा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आणि कोरडे बेअरिंग दोन किलोमीटरही सहन करत नाहीत.