८×४२ ची दुर्बीण: नांदूरमध्यमेश्वर ते श्रीलंका, नऊ महिन्यांनंतर

दिवाळीआधी घेतलेल्या दुर्बिणीला आता नऊ महिने होत आले. फेब्रुवारीच्या श्रीलंका सहलीसाठीच घेतली होती, पण तिकडे नेण्याआधी इथे नाशिकजवळ चांगला हात बसवायचा असं ठरवलं होतं. तेच सगळ्यात उपयोगी पडलं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

दुकानात आधी १०×५० पुढे केली होती. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघितली. दहापटीत टाकी मोठी दिसते खरी, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. ८×४२ मध्ये चित्र स्थिर राहिलं. आठ म्हणजे आठपट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला, जनावरं खरी हलतात तेव्हाही, नीट दिसतं. मला चष्मा आहे. चष्म्यावाल्यांनी आयकप, म्हणजे डोळ्याकडची रबरी कडी, आत फिरवून पूर्ण गोल दिसतोय ना, हे दुकानातच बघून घ्यावं. सोबतचा पट्टा बारीक होता, मानेला रुतायचा. रुंद पट्टा वेगळा घेतला.

नोव्हेंबरपासून दर दुसऱ्या रविवारी नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथली ही पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळींपैकी एक, म्हणून जाहीर झाली. पहिले दोन रविवार पक्षी सापडायच्या आत उडून जायचे. मग लक्षात आलं की आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची. डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची सोय, हाही तोवर कुणी समजावला नव्हता. उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करायचा, मग डावं झाकून उजव्या बाजूची कडी फिरवायची. एवढं केलं आणि चापडगावच्या मनोऱ्यावरून हळदीकुंकू बदक पहिल्यांदा खरं दिसलं. काळी चोच, टोकाला पिवळं, कपाळापाशी दोन लाल ठिपके. हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला मनापासून नमस्कार करावासा वाटला.

श्रीलंकेला आम्ही चौघं होतो, मी, हे, सासूबाई आणि आठवीतली लेक. कोलंबोत बेरा तलावावरचे झोळीवाले पेलिकन नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. कॅंडीजवळ पेराडेनियाच्या वनस्पती उद्यानात मात्र दुर्बिणीने वेगळंच काही दाखवलं. उंच झाडांवर काळ्या पिशव्या लटकल्यासारखं वाटत होतं, ती मोठी वटवाघळं निघाली. कोल्ह्यासारखं तोंड, तांबूस मान, आणि उकाड्यात एक पंख पंख्यासारखा हलवणं. लेक अर्धा तास तिथून हलली नाही.

नुवारा एलिया १,८०० मीटरच्या वर आहे, तिथे स्वेटर लागला. गावातल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ओहोळाच्या काठी पाचोळा उलटत एक नवरंग पक्षी फिरत होता. हिरवी पाठ, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली लाल. पावसाळ्यात आपल्याकडे वीण करून हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत जाणारा हाच तो. परमुलखात गावचं माणूस भेटावं तसं झालं. डोंगरातल्या रेल्वेत मात्र दुर्बीण पिशवीतच ठेवा, डबा इतका हलतो की डोकं दुखायला लागतं.

याला नावाच्या राष्ट्रीय उद्यानात जीपची गर्दी फार, त्याचं वाईट वाटलं. एका खडकावर बिबट्या आडवा पडला होता आणि खाली दहा-बारा जीप. मोबाइलमध्ये तो एक पिवळा ठिपका होता. आमच्या चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं, कारण चालू इंजिनाची थरथर हातात उतरते. मग दुर्बिणीत कानावर बसणारी माशी आणि तो कान झटकताना दिसला. निफाडच्या उसातल्या बिबट्याच्या बातम्या वाचत मोठे झालेलो आम्ही. तो असा भरदिवसा उघड्यावर निवांत पडलेला बघणं फार वेगळं होतं. श्रीलंकेत वाघ नाही, सगळ्यात मोठा शिकारी हाच.

उडावलावेच्या राष्ट्रीय उद्यानात हत्ती. तिथे बऱ्याचशा नरांनाही सुळे नसतात. दुर्बीण बहुतेक वेळ सासूबाईंकडेच होती. "अगं, हा गवत उपटून पायावर झटकतोय बघ, माती काढायला. आपण मेथीची जुडी झटकतो ना, तसाच." त्यांना ते दिसलं याचा मला बिबट्यापेक्षा जास्त आनंद झाला.

आता तक्रारी. पुढच्या भिंगांची रबरी झाकणं याला उद्यानातल्या जीपच्या धक्क्यांत सैल होऊन एक पडलंच. परत आल्यावर उजवा आयकप जागेवर राहीना. जिथून घेतली त्यांनी हमी असूनही महिनाभर नुसतं "कळवतो" म्हटलं. शेवटी मेनरोडच्या बाजूच्या एका जुन्या कॅमेरा दुरुस्तीवाल्या काकांनी दहा मिनिटांत बसवून दिला. त्यांनीच सांगितलं की धूळ बसलेली काच ओढणीने पुसायची नाही, आधी रबरी फुग्याने उडवायची, नाहीतर मातीचे कण काच ओरबाडतात. आत नायट्रोजन भरलेला असल्याने आतून वाफ धरली नाही. एसी गाडीतून दमट हवेत उतरलं की बाहेरून काच धुरकट होते, पण पाचेक मिनिटांत आपोआप निवळते. पावसाळ्यात बुरशीची भीती असते, म्हणून सध्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.

सहलीला पैसे मोजकेच असतील तर एक दिवस कमी करा, पण घरटी एक दुर्बीण न्या. जमलं तर दोन, कारण आमच्यात शेवटी पाळ्या लावाव्या लागल्या.

गेल्या रविवारी त्र्यंबकच्या पुढे मोखाड्याच्या रस्त्याला थांबलो होतो. झाडीतून दोन सुरांची शीळ आली. लेक म्हणाली, "आई, नुवारा एलियावाला!" ओल्या फांद्यांमध्ये तो सापडायला बराच वेळ लागला. सापडला तेव्हा चोच वर करून मान मागे टाकत तो पुन्हा शीळ घालत होता.