ॲक्सियल सीमाउंटची रोजची भूकंपनोंद: एका नियमित वाचकाचा अभिप्राय

अमेरिकेतील ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटरवर, हुआन दे फुका या मध्यसागरी पर्वतरांगेवर ॲक्सियल सीमाउंट हा समुद्राखालचा ज्वालामुखी आहे. त्याच्या कॅल्डेरात, म्हणजे माथ्यावरच्या विस्तीर्ण खोलगट विवरात, सुमारे १,५०० मीटर खोलीवर, उष्ण झऱ्यांच्या परिसरात बसवलेली भूकंपमापके २०१४ पासून केबलने थेट किनाऱ्याशी जोडलेली आहेत. त्यांच्या नोंदींवरून वॉशिंग्टन विद्यापीठ भूकंपांची यादी, नकाशे आणि खोलीचे छेद रोज प्रसिद्ध करते, तेही विनाशुल्क.

या सेवेचे मोल कळण्यासाठी २०११ आठवावे. त्या वर्षी एप्रिलमध्ये झालेला उद्रेक संशोधकांना जुलैत जहाज तिथे पोहोचल्यावर समजला. याउलट २४ एप्रिल २०१५ रोजी एका दिवसात ८,००० हून अधिक धक्के नोंदले गेले, त्या उद्रेकात कॅल्डेराचा तळ सुमारे २.४ मीटर खचला, आणि हे सारे घडत असतानाच किनाऱ्यावर दिसत होते.

मला सर्वाधिक गुंतवून ठेवते ती ओहोटी. भरती-ओहोटीचा तक्ता शेजारी उघडून पाहिला की या आकड्यांना निराळाच अर्थ येतो, कारण २०१५ च्या उद्रेकापूर्वीच्या महिन्यांत ओहोटीच्या वेळी धक्के स्पष्टपणे वाढत असत. पाण्याचा भार उतरला की मॅग्माची कोठी किंचित फुगते आणि कॅल्डेराच्या कडेच्या प्रस्तरभंगांवर ताण येतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. (कोयनेमुळे पाणी चढले की जमीन हलते एवढेच ठाऊक असलेल्या आपल्याला हे उलटे वाटते खरे.)

उणिवाही सांगायला हव्यात. भूकंपमापके कॅल्डेराच्या दक्षिण भागात एकवटलेली असल्याने दूरच्या धक्क्यांचे स्थान तितके नेमके मिळत नाही. वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार असल्याने प्रत्येक नोंदीत साडेपाच तास मिळवावे लागतात; पहिला आठवडा मी हे विसरून ओहोटीऐवजी भलत्याच वेळेशी धक्के जुळवत बसलो होतो. मोबाइलवर सूचना मिळाव्यात म्हणून एक भूकंप-ॲपही घेतले, पण ते महिनाभर गप्पच राहिले. येथील बहुतेक धक्के २ रिश्टरपेक्षाही लहान असतात आणि जागतिक याद्यांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे मूळ यादीला पर्याय नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा कॅल्डेराबाहेरच्या धक्क्यांसाठी राखून ठेवला आहे.