ब्लूज गिटारवर लय मोजायची कशी: पाय, मेट्रोनोम, ट्रॅक की तबल्याचे बोल?

"वाजवायला लागलं की मोजायचं राहतंय, आणि मोजायला लागलं की हात थांबतोय." बेळगावात ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या, नादाला लागलेल्या पोरांचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा हेच असतं, मग पोरगा टिळकवाडीचा असो, वडगावचा असो की शनिवार-रविवार निपाणीहून येणारा. त्यावर जो तो आपापलं औषध सांगतो. कुणी मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र, लाव म्हणतो, कुणी रेकॉर्ड केलेल्या साथीच्या ट्रॅकवर वाजव, कुणी म्हणतो सरळ दोन महिने तबला शीक. औषधं सगळी खरी आहेत, फक्त दुखणं एक नाही.

ब्लूजमध्ये मोजायच्या गोष्टी दोन. पहिली बाहेरची चौकट, म्हणजे बारा बार (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट). ई सुरात वाजवत असाल तर चार बार ई कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर), दोन बार ए, पुन्हा दोन बार ई, मग एक बार बी सेव्हन, एक बार ए, आणि शेवटच्या दोन बारांत ई वरून बी सेव्हनकडे वळण, म्हणजे टर्नअराउंड. बारा म्हटल्यावर इथल्या माणसाच्या डोक्यात लगेच बारा मात्रांचा एकताल येतो. पण हे बारा ठोके नव्हेत. प्रत्येक बारात चार ठोके, म्हणजे एका फेरीत ४८. दुसरी गोष्ट त्या ठोक्याच्या पोटातली: शफल. एका ठोक्याचे तीन समान भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. क्लासमध्ये शिकवलेलं 'वन अँड टू अँड' ठोक्याचे दोन समान भाग करतं, म्हणून त्या मोजणीवर शफल बसवायला गेलं की तो कवायतीसारखा वाजतो.

तुमचं बिघडतं ते बाहेर की पोटात, हे आधी ओळखा. फोनवर तीन फेऱ्या रेकॉर्ड करून ऐका. बहुतेकांचा सातवा-आठवा बार कापला जातो. ए वरून ई वर परत आल्यावर दोन बार थांबायचं असतं, पण हात बी सेव्हनकडे पळायला उतावीळ झालेला असतो.

चौकट हरवणाऱ्यांना पाय आणि तोंड यांच्याइतका चांगला गुरू नाही. मोजायचं असं: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार… प्रत्येक वेळी पहिला आकडा बारचा. मोठ्याने मोजा, पुटपुटू नका. आधी गिटार बाजूला ठेवून नुसतं ऐकताना बोटांची पेरं वापरा. चारही बोटांची वरची पेरं म्हणजे पहिले चार बार, मधली म्हणजे पुढचे चार, खालची म्हणजे शेवटचे चार. ब्लूजच्या गाण्याची ओळ साधारण चार बारांची असते, त्यामुळे पेरांची रांग संपली की ओळ संपली. हे अंगात मुरल्यावर मग गिटार घ्या आणि मोजणीचं काम पायाकडे द्या. अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकर १९४८ साली डेट्रॉइटमध्ये रेकॉर्डिंगला बसला तेव्हा सोबतीला ड्रमर नव्हता. लय धरली ती त्याच्या बुटाने. आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाय नुसता थपथपतो. त्याऐवजी पायाखाली जेवायचा पाट घ्या, चप्पल घालून टाच टेकवा आणि चवडा आपटा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्यांना आधी सांगून ठेवा.

पायाचा दोष एकच, पण मोठा. पाय हाताला सामील होतो. अवघड पकड आली की हात रेंगाळतो, त्याच्यासोबत पायही रेंगाळतो, आणि तुम्हाला वाटतं सगळं जुळलंय.

तिथे मेट्रोनोम लागतो. फोनवरचा फुकटातला चालेल, वेगळा घ्यायची गरज नाही. तो कुणाला सामील होत नाही. पण तुम्ही कितव्या बारात आहात हे तो सांगत नाही, त्यामुळे चौकट हरवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. लावायची पद्धतही महत्त्वाची. मिनिटाला १२० ठोक्यांचा शफल वाजवायचा तर मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि त्याची टिकटिक दोन आणि चारवर धरा. एक फेरी बरोबर २४ सेकंदांत संपते, घड्याळ लावून बघा. हे दोन-चारचं प्रकरण आपल्याकडे जरा जड जातं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी बेळगावजवळच, कान शास्त्रीय गाण्याचे. इथल्या श्रोत्याची मान समेवर हलते, म्हणजे एकवर. ब्लूजमध्ये ड्रमरचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, दोन-चारवर पडतो. गिटार न घेता, टिक वाजली की 'दोन', पुढच्या टिकेला 'चार' असं नुसतं म्हणत घरात चार फेऱ्या मारा, मग एक आणि तीन आपोआप मधे येऊन बसतात.

बॅकिंग ट्रॅकबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मजा येते, कंटाळा येत नाही, हे खरं. पण ट्रॅकमधला बास बदलला की मग तुमचा हात बदलतो, म्हणजे तुम्ही कायम केसभर मागे. मोजणं शिकत नाहीच, पाठलाग शिकता. ट्रॅक वापरायचाच तर परीक्षेसाठी वापरा. पाचव्या बारला आवाज पूर्ण बंद करायला कुणाला तरी सांगा, वाजवत राहा, नवव्याला आवाज पुन्हा वर. जागेवर सापडलात तर पास. शिवाय पावसाळ्यात खानापूरकडे लाईट गेली की ॲम्प बंद, स्पीकर बंद. पाट तेवढा चालू.

राहिला तबला, आणि ज्यांच्या कानावर लहानपणापासून भजन आहे त्यांच्यासाठी खरी गंमत इथे आहे. शफलच्या पोटातले तीन भाग पकडायला 'तकिट' म्हणा. तकिट तकिट तकिट तकिट, झाला एक बार. मग मधला 'कि' मनात ठेवून त–ट, त–ट. भजनी ठेक्याला सरावलेल्या मुलाचा उजवा हात यावर चटकन झुलायला लागतो, आकड्यांनी महिनाभरात जमत नाही ते. संथ ब्लूज तर सरळ दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, मावतो. त्याच्या एका बारात बारा छोटे भाग असतात, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. धा धिं ना, धा तिं ना, पुन्हा धा धिं ना, धा तिं ना. चार गट, चार ठोके.

आता मेख बघा. दादऱ्याची सम पहिल्या मात्रेवर, 'खाली' म्हणजे तालातली हलकी जागा चौथ्या मात्रेवर. बारात मांडलं तर सम येते एक आणि तीनवर, खाली येते दोन आणि चारवर. म्हणजे ब्लूजचा स्नेअर जिथे कडकडतो नेमका तिथेच आपला ठेका हलका होतो. भजनी मंडळात वाढलेला गिटारवाला शफल अचूक वाजवूनही 'ब्लूजसारखं वाटत नाही' असं ऐकून घेतो, त्याचं कारण बहुधा हे. मात्रा बरोबर, वजन उलटं. उपाय सोपा आहे: तोंडाने दादरा म्हणा आणि टाळी 'खाली'च्या मात्रेवर द्या. पहिले दोन-तीन दिवस चुकल्यासारखं वाटेल. वाटू द्या की.

कॅम्पातल्या चर्चच्या क्वायरमध्ये गायलेल्या मुलांचं उलटं असतं. चार-चारची चौकट त्यांना पाठ असते, आकड्यांनी मोजणं अंगवळणी पडलेलं असतं, शफलचं झुलणं मात्र येत नाही. त्यांनी मेट्रोनोमच्या नादी न लागता थेट तकिटवर यावं. आणि ज्यांनी भजनही केलं नाही, क्वायरही नाही, इअरफोन लावूनच गिटार शिकले, त्यांनी पाटावरच्या पायापासून सुरू करावं. पहिले काही आठवडे कंटाळवाणे जातील, पण खर्च नाही आणि पुढे काही मोडून पुन्हा बांधावं लागत नाही.

ढोलकी किंवा तबला वाजवणारा मित्र असेल तर त्याला घेऊन बसाच. ठोका ६० वर ठेवा आणि त्याला दोनच गोष्टी सांगा. खालीच्या जागी किनारीवर खणखणीत थाप दे. आणि अकराव्या-बाराव्या बारात तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, घेऊ नकोस. ती जागा गिटारच्या टर्नअराउंडची असते. तिथे तिहाई आली की दोघंही समेवर येतात खरे, पण पुढच्या फेरीकडे ओढणारा बी सेव्हन त्यात बुडून जातो.