मॅजिकची नव्वदीतली ‘भंगार’ कार्डं कमांडरमध्ये: पावसाळा ते थंडी वापरून

हा कुठल्या नव्या सेटचा रिव्ह्यू नाही. मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाची नव्वदीतली कॉमन (म्हणजे सहज मिळणारी) कार्डं, ज्यांना बाइंडरमध्येही कोणी जागा देत नाही, ती घेऊन त्यातला कमांडर हा प्रकार खेळलं तर काय होतं त्याचा हा अनुभव आहे. पावसाळ्याच्या तोंडावर डेक (खेळायचा पत्त्यांचा संच) बांधला. आता बडोद्यात थंडी पडायला लागली आहे आणि दांडिया बाजारातली आमची शनिवारची बैठक चालूच आहे. पाचपैकी साडेतीन देईन. दीड गुण का कापला ते पुढे येईल.

कार्डं मावसभावाची. तो परदेशी गेला आणि पेटी माझ्या गळ्यात पडली. आत बहुतेक पांढऱ्या बॉर्डरची फोर्थ आणि फिफ्थ एडिशन. ग्रिझली बेअर्स: दोन मानात (माना म्हणजे कार्ड खेळायला मोजायची ऊर्जा) २/२, म्हणजे ताकद दोन आणि मार सोसायची शक्ती दोन. आयर्नरूट ट्रीफोक: पाच मानात ३/५. क्रॉ वर्म: सहा मानात ६/४. तिघांनाही क्षमता म्हणून एक ओळ नाही, नुसते आकडे. खेळाडू यांना व्हॅनिला म्हणतात. आज दोन मानाचं साधं कॉमनसुद्धा आल्या आल्या काहीतरी हाताला देऊन जातं, तिथे या अस्वलाला कोण विचारतो?

पण जुनं कार्ड स्वतःच्या जोरावर क्वचितच परत येतं, त्याला मागाहून कोणीतरी शोधत यावं लागतं. डार्क डेप्थ्स बघा. २००६ चं कार्ड, त्यावर बर्फाचे दहा काउंटर (खुणेच्या सोंगट्या), एकेक काढायला तीन माना. म्हणजे तीस माना ओतल्यावर २०/२० चा राक्षस मिळणार. २००९ मध्ये झेंडिकार या सेटमध्ये व्हॅम्पायर हेक्समेज आली. तिचा बळी दिला की आपण निवडू त्या कार्डावरचे सगळे काउंटर उडतात. दोन मानाच्या बाईने तीस मानांचं काम केलं आणि सगळे डार्क डेप्थ्स शोधत सुटले. म्हणून माझा सल्ला असा की पेटी उपसत बसू नका, नव्या कार्डापासून उलटे मागे या.

माझ्यासाठी ते नवं कार्ड म्हणजे रक्सा, पेशंट प्रोफेसर, कमांडर २०२१ मधलं प्राध्यापक अस्वल. ज्यांना क्षमता नाही अशा आपल्या सगळ्या प्राण्यांना ते +१/+१ देतं, आणि समोरच्याने त्यांना अडवलं तरी ते अडवलंच नाही असं समजून नुकसान करू देतं. शिवाय रक्सा मैदानात आला किंवा त्याने हल्ला केला की मेलेला एक व्हॅनिला प्राणी हातात परत. जोडीला २००७ चं मुरागांडा पेट्रोग्लिफ्स, त्याचे +२/+२. दोन्ही टेबलावर असले की दोन मानाचं अस्वल ५/५ आणि क्रॉ वर्म ९/७.

पहिल्यांदा हा डेक काढला तेव्हा समोरचा गुजराती मित्र हसून म्हणाला, “आ रींछ शुं करशे?” (हे अस्वल काय करणार?) मग त्याने आपला सगळ्यात जाडजूड प्राणी वर्मसमोर उभा केला. मी म्हटलं, “अरे, रक्सा वाच आधी.” नऊचे नऊ थेट त्याच्या अंगावर. चाळीस जीवनगुणांपैकी नऊ काही जीवघेणे नाहीत, पण त्यानंतर टेबलावर प्रत्येक जण रक्सा हातात घेऊन दोनदा वाचायला लागला.

मजा खरी बांधताना येते. कमांडरमध्ये शंभर कार्डं आणि बेसिक लँड (माना देणारी साधी कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकच. पेटीत ग्रिझली बेअर्सचा ढीग होता, त्यातलं एकच कामाचं. मग बाल्डुव्हियन बेअर्स, बेअर कब, रूनक्लॉ बेअर अशी नावं शोधावी लागतात. सगळी दोन मानात २/२, फक्त नाव आणि चित्र वेगळं. एरवी ज्याला कोणी डुप्लिकेट म्हणून फेकलं असतं त्याला इथे मान आहे. स्क्रायफॉल या कार्डं शोधायच्या साइटवर इंग्रजी अक्षरांत ‘इज:व्हॅनिला’ टाका, सगळी यादी समोर येते. नियमांची कटकटही कमी. इतर जुन्या कार्डांचा छापील मजकूर आज चालेलच असं नसतं, ऑरॅकल मजकूर, म्हणजे आजचा अधिकृत मजकूर, बघावा लागतो. इथे मजकूरच नाही. जुन्या छपाईत ‘समन बेअर्स’ लिहिलेलं असेल तर आता क्रीचर, प्रकार बेअर, एवढंच.

आता त्रास. लायटनिंग ग्रीव्ह्ज, म्हणजे प्राण्याला घालायचे बूट, बऱ्याच डेकमध्ये असतात म्हणून मीही घातले होते. ते घातले की प्राण्याला हेस्ट (आल्या आल्या हल्ला) आणि श्राउड (कोणाचंही लक्ष्य न होणं) मिळतात, म्हणजे क्षमता आली, म्हणजे रक्सा आणि पेट्रोग्लिफ्स दोन्ही गेले. ९/७ चा वर्म बूट घालताच पुन्हा ६/४! बूट काढून टाकले. नुसते आकडे वाढवणारं इक्विपमेंट (प्राण्याला चढवायचं साहित्य) मात्र चालतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे पेट्रोग्लिफ्स सगळ्यांना फळतं. बैठकीत एकजण सॅप्रोलिंगचे टोकन, म्हणजे डेकबाहेरचे छोटे प्राणी, काढतो. त्याचे १/१ फुकटात ३/३ झाले आणि मीच आधी मेलो. तो टेबलावर असेल तर कार्ड हातातच ठेवतो. दीड गुण याचा आणि वेगाचा: दुकानातून आणलेल्या तयार डेकांसमोर हा तग धरतो, घासूनपुसून बांधलेल्या डेकसमोर नाही.

स्लीव्ह (कार्डाचं प्लास्टिकचं कव्हर) घ्याच. मागची बाजू १९९३ पासून तीच असल्याने जुनी-नवी कार्डं एकत्र चालतात, पण जुन्यांच्या झिजलेल्या कडा लगेच ओळखू येतात, आणि आमच्याकडे बैठकीत शेव-उसळ असतेच. पावसात नव्या फॉइल (चकचकीत छपाईच्या) लँड पापडासारख्या वळल्या. पेटीतली कार्डं सरळ राहिली, कारण मॅजिकच्या पाकिटांत फॉइल १९९९ पासूनचे. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘नवं’ म्हणून पाठवलेलं पेट्रोग्लिफ्स कोपऱ्यात दुमडलेलं निघालं. तेव्हा मागवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो मागा, आणि पेट्रोग्लिफ्स नाहीच मिळालं तर आधी रक्सा घ्या. त्याच्या एकट्यावर डेक उभा राहतो.