जुना ट्यूब लिनिअर: मशीन दणकट, मॅन्युअल अर्धवट

सेकंडहँड घेतलेला हा लिनिअर, म्हणजे हॅम रेडिओच्या सिग्नलची पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, वापरून आठ महिने झाले, पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. आत दोन ३-५००झेड ट्यूब, प्लेटला (ट्यूबच्या आउटपुटच्या टोकाला) साधारण ३००० व्होल्ट, आणि उचलायला माणसं दोन लागतात.

झालं काय, फुल ड्राइव्ह (रेडिओकडून लिनिअरला जाणारी पॉवर) दिला की आतून चट्-चट् आवाज आणि ग्रिड करंटचा (ट्यूबमधल्या ग्रिडच्या जाळीतून जाणाऱ्या करंटचा) काटा एकदम उडायचा. मला वाटलं ट्यूब गेली, एक बदलून पण बघितली, ढिम्म फरक नाही. शेवटी एका रात्री खोलीतले दिवे घालवले आणि झाकण न काढता वरच्या जाळीतून आत बघत डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) की मारून ट्रान्समिट केलं, तर ट्यून कपॅसिटरच्या दोन पात्यांमध्ये निळी ठिणगी, दरवेळी त्याच जागी!

खरा घोळ माझ्याच हाताचा होता. लोड कपॅसिटरच्या (अँटेनाकडे किती पॉवर जाईल ते ठरवणाऱ्या) पात्या जवळपास पूर्ण आत, म्हणजे लोडिंग हलकं, मग पॉवर बाहेर जायला वाट नाही आणि टँकमध्ये (ट्यूबपुढच्या कॉइल-कपॅसिटरच्या सर्किटमध्ये) आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नलचा, व्होल्टेज नुसता चढत राहतो. मॅन्युअलमध्ये यावर दोन ओळी, त्याही शेवटच्या पानावर! आता कमी ड्राइव्हवर ट्यून करतो, मग लोड उघडत उघडत ड्राइव्ह वाढवतो, ग्रिड करंट जास्त दिसला की समजायचं लोडिंग कमी पडतंय.

झाकण उघडलं तेव्हा त्या पातीच्या कडेला बारीक खड्डा होता, बारीक पॉलिशपेपरने घासून कडा गुळगुळीत केली, धूळ उडवली. बँड स्विचच्या वेफरवर (आतल्या संपर्कांच्या चकतीवर) मात्र काळा चट्टा, आधीच्या मालकाने ट्रान्समिट चालू असतानाच बँड फिरवला असणार, कार्बनचा माग एकदा पडला की करंट तिथूनच जातो, त्यामुळे वेफर बदलावाच लागला.

आणि उघडताना बाबांनो, प्लग काढा, मीटर शून्यावर येऊ द्या, तरीही आधी चॅसिसला जोडलेल्या वायरच्या काठीने हायव्होल्टेज शॉर्ट करा, कारण कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर उडालेला असेल तर कपॅसिटर भरलेलाच राहतो.

डिझाइनवर राग एवढाच की बी-प्लसच्या (प्लेटच्या हायव्होल्टेजच्या) वायरीत सर्ज रोखणारा रेझिस्टरच नाही, मी २५ ओहमचा जाडजूड वायरवाउंड टाकला. बाकी पॉवर भरपूर, सिग्नल स्वच्छ, पाचपैकी चार. फॅन मात्र असा घोंघावतो की हेडफोन घातलात तरी तुमचेच कान वाचतील, घरच्यांचे नाही.