कॉलेज रोडचा फोटोबुकवाला: दगडाचे फोटो छापायचे असतील तर हाच माणूस

मुलगी इंग्लंडात कॉर्नवॉलला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिथल्या गावोगावच्या चर्चच्या आवारातले जुने दगडी क्रॉस बघत हिंडलो, फोटो ढीगभर झाले आणि ते मोबाईलमधेच सडू नयेत म्हणून फोटोबुक करायला दिलं. दुकान छोटंसं आहे, कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत, बाहेर पासपोर्ट फोटोचा बोर्ड, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही.

आता हे फोटो छापायला वाटतात तेवढे सोपे नाहीत. हे क्रॉस बहुतेक ग्रॅनाइटचे. आपल्याकडचा काळा दगड बारीक कणांचा, म्हणून सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळावरचं कोरीव काम अजून उठून दिसतं, तिकडचा ग्रॅनाइट मात्र रवाळ, त्यात खोल आणि नाजूक कोरताच येत नाही, वरून काही क्रॉस तर हजार वर्षं पाऊस खात उभे आहेत. वेणीसारखी नक्षी असते ती ऊन तिरपं पडलं तरच दिसते. आधी एका दुसऱ्या लॅबमधे सॅम्पल काढलं होतं, त्यांनी ऑटो करेक्शन मारून सगळ्या सावल्या उजळून टाकल्या आणि सेंट बरियन गावच्या क्रॉसवरचा लांब बाह्यांच्या झग्यातला येशूच गायब, नुसता करडा दगड उरला! इथल्या दादांनी फोटो बघूनच सांगितलं, काका सावलीला हात नको लावायला, आणि कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकेल. एवढ्यावरच मी खूश.

दुसरं म्हणजे साइज. आडव्या अल्बममधे उंच दगड बसत नाही, वरचं गोल डोकं तरी कापलं जातं नाहीतर खालचा दगड. मायलरचा क्रॉस तर अंदाजे साडेसतरा फुटी आहे, त्यातला सातेक फूट जमिनीत गाडलेला. आणि गंमत बघा, 1870 मधे चर्चची दुरुस्ती निघाली तेव्हा हा उलटा, डोकं मातीत, भिंतीला टेकू म्हणून लावलेला सापडला. कार्डिनमचा क्रॉस चर्चच्या भिंतीतच चिणलेला होता, आणि बाकी कितीतरी शेताच्या फाटकाला खांब म्हणून वापरले गेले. म्हणून दादांनी उभं पुस्तक सुचवलं, एका पानावर एकच क्रॉस, सॅनक्रीडच्या आवारात पाच क्रॉस आहेत त्यांनाच सलग पानं दिली. काउंटरवर एका ताईंनी विचारलं, ह्या समाध्या का? नाही हो, आजूबाजूला दिसतात त्या थडग्यांपेक्षा हे क्रॉस कितीतरी जुने.

तक्रार एकच, मराठी मजकुराची. त्यांच्या सॉफ्टवेअरमधे जोडाक्षरं फुटतात, पहिल्या प्रूफमधे क्रॉस, ग्रॅनाइट, चर्च सगळ्यांचेच तुकडे पडले होते. सांगितल्यावर न कुरकुरता दुरुस्त केलं, पण प्रूफ स्वतः बसून वाचा, त्यांच्यावर सोडू नका. बाइंडिंग मस्त, पान पूर्ण सपाट उघडतं, मधे शिवणीत फोटो जात नाही. रेट ऑनलाइनवाल्यांपेक्षा जास्त आहे, मला चालला.

पाचपैकी साडेचार. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही, टू व्हीलरवर जा, आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका, क्वालिटी मरते, पेनड्राइव्हच न्या.