एका दिवसात स्कूबाचं लायसन्स? आमचे पैसे असे गेले

'सकाळी स्कूबा, मग ब्रंच, संध्याकाळी दहा किलोमीटरची टाइम्ड रन आणि घरी जाताना हातात आंतरराष्ट्रीय स्कूबा लायसन्स.' अशा अर्थाची जाहिरात तुमच्याही मोबाइलवर आली असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मी आणि माझा मावसभाऊ अशाच एका वीकेंड पॅकेजला गेलो होतो. लायसन्स म्हणून जे कार्ड मिळालं त्याला काडीची किंमत नाही. पण पैसे गेले याचा राग एक वेळ बाजूला ठेवता येईल. त्या दिवशी आमच्या जिवाशी जो खेळ झाला, तो मला विसरता येत नाही.

आधी हे समजून घ्या की एका दिवसात पूर्ण लायसन्स मिळूच शकत नाही. पॅडी या स्कूबाचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा 'ओपन वॉटर डायव्हर' हा पहिला पूर्ण कोर्स घ्या. त्यात थिअरी असते, पूलमध्ये किंवा उथळ शांत पाण्यात सराव असतो आणि त्यानंतर खुल्या पाण्यात चार डाइव्ह कराव्या लागतात. एका दिवसात अशा तीनपेक्षा जास्त डाइव्ह घ्यायच्या नाहीत, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे कोणी कितीही हुशार असला तरी दोन दिवस लागणारच. पोहण्याची आणि पाण्यावर तरंगत राहण्याची परीक्षा असते ती वेगळीच. हे सगळं पार पडल्यावर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. आम्हाला जे करायला लावलं ती होती ओळखीची डाइव्ह, म्हणजे इन्स्ट्रक्टर सोबत राहतो आणि जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतो. हा प्रकार चांगलाच आहे, पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्याने तोच करावा. पण तो कोर्स म्हणून विकणं आणि कोर्सचे पैसे उकळणं ही सरळ लुबाडणूक आहे.

बोटीत चढण्याआधी मेडिकल फॉर्म दिले. भावाला लहानपणापासून दमा आहे. त्याने त्या रकान्यात 'हो' लिहिलं, तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "सर, तिथे 'नाही' करा. 'हो' असेल तर मला तुम्हाला पाण्यात सोडता येणार नाही, आणि पैसे नॉन-रिफंडेबल आहेत." त्याने दुसरा फॉर्म पुढे सरकवला. त्यावर सगळ्या प्रश्नांसमोर 'नाही' आधीच छापलेलं होतं, फक्त सहीची जागा मोकळी! खरं तर 'हो' आलं की डॉक्टरचं लेखी पत्र मागायचं असतं, त्यासाठीच तो फॉर्म आहे. उद्या काही झालं असतं तर तीच सही दाखवून यांनी हात झटकले असते. भावाने सही केली नाही आणि तो किनाऱ्यावरच थांबला. त्याच्या पैशांतला छदामही परत मिळाला नाही.

मी पाण्यात उतरले. सिलिंडर भरलेला असला की गेजवर, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरवर, साधारण २०० बार दिसतात. माझ्या गेजचा काटा १२०च्या आसपास होता. विचारलं तर उत्तर मिळालं, "पुरेल मॅडम, खाली कुठे फार वेळ थांबायचंय." तोंडात घेतलेल्या हवेला तेलाचा वास येत होता. सिलिंडरमधल्या हवेला वास असताच कामा नये. सिलिंडरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर नीट नसेल किंवा इंजिनाचा धूर आत ओढत असेल, तर हवेत कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो. म्हणून तेलाचा वास आला की तो सिलिंडर नाकारायचा. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे 'श्वास रोखून धरू नका' हे कोणी सांगितलंच नाही! स्कूबाचा पहिला नियम आहे हा. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. घाबरून श्वास रोखून कोणी वर आला, तर फुप्फुस फाटू शकतं.

ब्रंच 'इन्क्लुडेड' होता, पण त्याचं बिल वेगळं आलं. यावर आणखी काय बोलणार.

संध्याकाळच्या 'टाइम्ड' रनला वेळ मोजणारी ना चिप होती ना मॅट, फक्त छातीवर लावायचा नंबर (बिब) आणि मेडल. पण फसवणुकीपेक्षा गंभीर गोष्ट अशी की डाइव्हनंतर त्याच दिवशी दमछाक होईल असं धावायचंच नसतं. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो. त्या काळात जोराचा व्यायाम केला तर बुडबुडे तयार होऊन डीकम्प्रेशन सिकनेसचा धोका वाढतो. त्यात सांधे दुखतात, मुंग्या येतात, कधी पायांतली ताकदच जाते. डाइव्ह आणि रन एकाच दिवशी ठेवणाऱ्या आयोजकाला एक तर हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून पर्वा नाही.

कार्डाचं खरं रूप नंतर दुसऱ्या डाइव्ह सेंटरवर कळलं. तिथल्या बाईंनी माझं नाव आणि जन्मतारीख टाकून शोधलं, कुठेच नोंद नाही. कार्डावर ना डायव्हर नंबर, ना इन्स्ट्रक्टरचा नंबर, नुसतं पृथ्वीचं चित्र. आयोजकाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, ते पार्टिसिपेशन सर्टिफिकेट आहे, लायसन्स असं आम्ही कुठे म्हटलंय?" जाहिरातीतला तो शब्द तोवर बदललेला होता. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते. ते पाठवल्यावर माझे थोडे पैसे परत आले आणि मग नंबर ब्लॉक झाला.

बुकिंग करताना इन्स्ट्रक्टरचं पूर्ण नाव, संस्था आणि सदस्य क्रमांक लेखी मागा, आणि तो क्रमांक संस्थेकडूनच पडताळून घ्या. खरा इन्स्ट्रक्टर तो लगेच देतो. आमच्यासारखं कार्ड आधीच मिळालं असेल, तर पुढच्या सेंटरवर ते दाखवून खोल डाइव्ह मागू नका, फक्त ओळखीची डाइव्ह झाली आहे असं सांगा. आणि जाहिरात, पावती, चॅट काहीही डिलीट करू नका. भावाच्या पैशांसाठीची तक्रार आम्ही त्याच कागदांवर चालवतो आहोत.